व्हीईजीएफ नक्की सापडलं कुठे? गाईच्या पिट्युटरीपासून पांढऱ्या पेशींपर्यंतचं एक प्रकरण

व्हीईजीएफ हे नाव आता बऱ्याच घरांत पोचलंय, कारण डायबेटिसमुळे किंवा वयामुळे डोळ्याच्या पडद्याला सूज आली की डॉक्टर डोळ्यात जे इंजेक्शन देतात ते बहुतेक वेळा याच प्रोटीनच्या विरुद्ध असतं, आणि कॅन्सरवाल्या पेशंटला बेव्हॅसिझुमॅब चालू असेल तर तेही याच्याच विरुद्ध. त्यामुळे झालंय काय की रक्तवाहिन्या वाढवणारं हे प्रोटीन म्हटलं की लोकांना ट्युमर आणि डोळा या दोनच जागा आठवतात. बायोटेकच्या पोरांना विचारा, तीही हेच सांगतील. पण १९८९ साली या प्रोटीनला व्हीईजीएफ हे नाव मिळालं ते एका निरोगी गाईच्या हॉर्मोन बनवणाऱ्या ग्रंथीतल्या पेशींमुळे, आणि त्याच वर्षी माणसातला त्याचा जीन वाचला गेला तो रोगप्रतिकाराच्या कुळातल्या पेशींमधून. ही गोष्ट पुस्तकात एका ओळीत उरकतात आणि मला ते फार खटकतं, म्हणून हे सगळं प्रकरण नीट सविस्तर लिहितोय. कारण एखादी गोष्ट कुठल्या पेशीत सापडते हे नीट बघितलं तर ती तिथे काय काम करते याचा अर्धा पत्ता तिथेच लागतो.

सुरुवात पिट्युटरीपासून. मेंदूच्या तळाला लोंबणारी ही ग्रंथी, तिच्या पुढच्या भागात पाच प्रकारच्या हॉर्मोन बनवणाऱ्या पेशी असतात, ग्रोथ हॉर्मोनवाल्या, प्रोलॅक्टिनवाल्या, अ‍ॅड्रिनलला हुकूम देणाऱ्या, थायरॉईडला हुकूम देणाऱ्या आणि बीजकोश-वृषणांना हुकूम देणाऱ्या. या सगळ्यांच्या पोटात हॉर्मोनचे दाणे भरलेले दिसतात. पण १९५३ मध्ये राइनहार्ट आणि मॅरिलिन फारकर यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितलं तेव्हा त्यांना मधेमधे अशा पेशी दिसल्या ज्यांच्यात एकही दाणा नाही. लांब लांब फाटे फुटलेल्या, ताऱ्यासारख्या, हॉर्मोनवाल्या पेशींच्या मधल्या फटींतून हात पसरून बसलेल्या. त्यांना पुढे फॉलिक्युलोस्टेलेट पेशी म्हणायला लागले, आपण एफएस पेशी म्हणू. पुढच्या पिट्युटरीत त्या साधारण ५ ते १० टक्के असतात. हॉर्मोन बनवत नाहीत, मग करतात काय, हा प्रश्न कितीतरी वर्षं तसाच पडून होता. त्या आजूबाजूचा कचरा गिळतात एवढं दिसलं होतं, म्हणजे थोडा मॅक्रोफेजसारखा (कचरा आणि जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीसारखा) स्वभाव.

आता नेपोलियोने फेरारा. सिसिलीतल्या कातानियाचा माणूस, तिथेच डॉक्टरकी शिकला आणि मग पिट्युटरीचा अभ्यास करायला सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गेला. तिथे त्याने गाईच्या पिट्युटरीतून याच एफएस पेशी वेगळ्या करून कल्चरमध्ये वाढवल्या. १९८७ मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी (डेनिस गॉस्पोडारोविच त्यांच्यात होते) दाखवलं की या पेशी बेसिक एफजीएफ नावाचं प्रोटीन बनवतात, जे रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींना, म्हणजे एन्डोथेलियल पेशींना वाढायला लावतं. तेव्हाच्या माहितीप्रमाणे उत्तर मिळालं असं म्हणून फाईल बंद करता आली असती. पिट्युटरीला रक्तपुरवठा भरपूर लागतो, एफएस पेशी त्याची सोय बघतात, संपलं.

पण एक अडचण होती आणि माझ्या मते हे सगळं प्रकरण त्या एका अडचणीवर उभं आहे. पेशीने बनवलेलं प्रोटीन बाहेर जायचं असेल तर त्याच्या सुरुवातीला अमिनो आम्लांचा एक छोटा तुकडा लागतो, ज्याला सिग्नल पेप्टाइड म्हणतात, तो असला की पेशी त्या प्रोटीनला बाहेर जायच्या वाटेला लावते. बेसिक एफजीएफला तो तुकडाच नाही. म्हणजे ते पेशीच्या आतच अडकून राहणार. आणि इकडे दिसत काय होतं, तर एफएस पेशी ज्या द्रवात वाढवल्या तो नुसता द्रव, पेशी काढून टाकून, दुसऱ्या डिशमधल्या एन्डोथेलियल पेशींवर घातला तरी त्या भराभर वाढतात. मग द्रवात जे आहे ते एफजीएफ नसणार, निदान फक्त ते नसणार. दुसरं काहीतरी आहे जे या पेशी खरोखर बाहेर सोडतात.

१९८८ मध्ये फेरारा जेनेन्टेक कंपनीत लागला, ते रिलॅक्सिन नावाच्या वेगळ्याच हॉर्मोनच्या कामासाठी, आणि एफएस पेशींचं हे काम त्याने बाजूला चालू ठेवलं. विल्यम हेन्झेल हा प्रोटीनची रचना वाचणारा माणूस सोबत होता. पद्धत तशी सरळ होती, गाईच्या एफएस पेशींचा द्रव जमवायचा, अमोनियम सल्फेटने प्रोटीन खाली बसवायची, मग हेपरिन (रक्त गोठू न देणारा पदार्थ) लावलेल्या कॉलममधून सोडायचं, कारण हे जे काही होतं ते हेपरिनला चिकटत होतं, आणि शेवटी एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर) साफ करायचं. शेवटी हातात आलं ते साधारण ४५,००० डाल्टनचं (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) प्रोटीन, जे मधले गंधकाचे बंध तोडले की २३,०००च्या आसपास येत होतं, म्हणजे दोन सारखे तुकडे जोडून बनलेलं. त्याच्या सुरुवातीची अमिनो आम्लं वाचली तर आधी माहीत असलेल्या कुठल्याच प्रोटीनशी जुळत नव्हती.

यातला मला सगळ्यात आवडणारा भाग टेस्टिंगचा आहे आणि तो कुणी फारसा सांगत नाही. प्रोटीन काम करतंय का हे बघायला ज्या एन्डोथेलियल पेशी वापरल्या त्या गाईच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या बाहेरच्या थरातल्या केशवाहिन्यांमधून काढलेल्या होत्या. म्हणजे बनवणारी पेशी पिट्युटरीची आणि ऐकणारी अ‍ॅड्रिनलची, दोन्ही हॉर्मोन ग्रंथी. मिलिलिटरला १ नॅनोग्रॅमच्या जरा वर एवढं प्रोटीन असलं की त्या पेशी पूर्ण जोरात वाढायला लागायच्या. आणि त्याच अ‍ॅड्रिनलच्या, त्याच थरातल्या, हॉर्मोन बनवणाऱ्या पेशींवर तेच प्रोटीन घातलं तर काहीच नाही! डोळ्याच्या भिंगाच्या पेशी, त्वचेच्या पेशी, फायब्रोब्लास्ट, कुणीच हललं नाही. बेसिक एफजीएफ असं करत नाही, ते अनेक प्रकारच्या पेशींना वाढवतं. म्हणून जून १९८९ मध्ये पेपर छापला तेव्हा फेरारा आणि हेन्झेल यांनी नाव सुचवलं व्हॅस्क्युलर एन्डोथेलियल ग्रोथ फॅक्टर, व्हीईजीएफ.

त्याच वर्षी गॉस्पोडारोविच यांच्या गटानेही एफएस पेशींमधून असंच प्रोटीन वेगळं काढलं, आणि प्लुएट वगैरेंनी एटीटी-२० नावाच्या उंदराच्या पिट्युटरी पेशींमधून. एटीटी-२० विशेष महत्त्वाची, कारण ती खरीखुरी हॉर्मोन बनवणारी पेशी आहे, एसीटीएच बनवते, अ‍ॅड्रिनलला हुकूम देणारं हॉर्मोन. म्हणजे फक्त शेजारची एफएस पेशीच नाही, हॉर्मोनवाल्या कुळातली पेशी सुद्धा हा फॅक्टर सोडू शकते हे तेव्हाच समोर आलं होतं.

आता बोस्टनची बाजू, थोडक्यात. तिथे बेथ इस्रायल हॉस्पिटलमध्ये हॅरॉल्ड ड्वोरॅक आणि डोनाल्ड सेंगर यांना वेगळीच गोष्ट छळत होती, ट्युमर झालेल्या गिनिपिगच्या पोटात पाणी का होतं. १९८३ मध्ये त्यांनी त्या पाण्यातून एक प्रोटीन शोधलं जे रक्तवाहिन्यांना गळकं करतं, हिस्टामिनपेक्षा (अ‍ॅलर्जीत सूज आणणाऱ्या रसायनापेक्षा) साधारण ५०,००० पट जास्त ताकदीचं, आणि त्याला व्हीपीएफ, म्हणजे व्हॅस्क्युलर परमिअ‍ॅबिलिटी फॅक्टर, म्हटलं. वाढवायचं वगैरे त्यांच्या डोक्यात तेव्हा नव्हतं, त्यांना गळती दिसत होती.

आणि मग डिसेंबर १९८९. सायन्स या मासिकाच्या एकाच अंकात लागोपाठ दोन पेपर आले. एक जेनेन्टेकचा, त्यात व्हीईजीएफचा जीन. दुसरा मोन्सँटो कंपनीच्या लोकांचा, त्यात व्हीपीएफचा जीन. क्रम लावून बघितल्यावर कळलं की दोन्ही एकच. एका गटाला वाढ दिसत होती, दुसऱ्याला गळती, आणि प्रोटीन एकच निघालं. ही गोष्ट बऱ्याच ठिकाणी सांगतात. पण माणसाचा जीन कुठून काढला ते बघा ना! जेनेन्टेकने गाईचा जीन एफएस पेशींमधून घेतला आणि माणसाचा घेतला एचएल-६० मधून. एचएल-६० म्हणजे ल्युकेमियाच्या पेशंटपासून मिळालेली पेशीमालिका (लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी), जिला योग्य रसायन दिलं की ती न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीच्या दिशेने जाते. मोन्सँटोने माणसाचा जीन काढला यू-९३७ मधून, ही मोनोसाइट-मॅक्रोफेजच्या वळणाची पेशीमालिका. म्हणजे माणसातल्या व्हीईजीएफची पहिली दोन वाचनं, दोन वेगळ्या कंपन्यांची, दोन्ही पांढऱ्या पेशींच्या कुळातून आली. कुणी मुद्दाम इम्युनॉलॉजी करायला बसलं नव्हतं, त्यांना जीन हवा होता आणि तो या पेशींत मिळाला, बस. पण आज मागे वळून बघताना त्या एका अंकात सगळा नकाशा होता असंच मला वाटतं, हॉर्मोन ग्रंथी एका बाजूला आणि रोगप्रतिकाराच्या पेशी दुसऱ्या बाजूला.

मग पुढचा प्रश्न, ग्रंथीत हे प्रोटीन करतं काय? मोठ्या माणसाच्या पिट्युटरीत काही रोज नव्या रक्तवाहिन्या फुटत नसतात, मग वाढीचा फॅक्टर तिथे सतत कशाला? याचं उत्तर केशवाहिन्यांच्या प्रकारात आहे. स्नायूतल्या केशवाहिनीची भिंत सलग असते. हॉर्मोन ग्रंथीतल्या केशवाहिनीच्या भिंतीला बारीक बारीक भोकं असतात, जणू जाळीची खिडकी, कारण पेशीने सोडलेलं हॉर्मोन पटकन रक्तात गेलं पाहिजे. ही जाळी एकदा बसवली की कायमची राहते असं नाही, शेजारच्या पेशीने व्हीईजीएफ सोडत राहावं लागतं तरच ती टिकते. उंदरांना व्हीईजीएफ अडवणारी औषधं दिली तेव्हा थायरॉईडमधल्या, अ‍ॅड्रिनलमधल्या, स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बेटांमधल्या केशवाहिन्या कमी झाल्या आणि भोकंही घटली, वाढ झालेल्या, निरोगी उंदरांत. ड्वोरॅकची गळती आणि फेराराची वाढ ग्रंथीत अशी एकत्र नांदतात. इथे रक्तवाहिनी जराशी झिरपती असणं हेच तिचं आरोग्य.

याचा पुरावा दवाखान्यात रोज दिसतो. सुनिटिनिबसारख्या गोळ्या, ज्या व्हीईजीएफचे रिसेप्टर (पेशीवरच्या त्याचा संदेश घेणाऱ्या जागा) बंद करतात, किडनीच्या कॅन्सरला देतात, त्या घेणाऱ्या बऱ्याच पेशंटना थायरॉईड कमी पडायला लागतं. म्हणून या गोळ्या चालू असताना टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) बघत राहावं लागतं. पेशंट म्हणतो थकवा कॅन्सरचा आहे, घरचे म्हणतात औषधाचा आहे, आणि कधीकधी तो थायरॉईडचा असतो आणि साध्या गोळीने सुधारतो. आपल्या घरात कुणी अशा उपचारावर असेल तर टीएसएच शेवटचं कधी केलं हे डॉक्टरांना नक्की विचारा.

पण सगळ्यात जिवंत उदाहरण ओव्हरीचं आहे, तिथे जरा थांबतो. बाकी ग्रंथींत रक्तवाहिन्या शांत असतात, ओव्हरीत मात्र दर महिन्याला नवीन बांधकाम चालतं. बीज बाहेर पडलं की मागे राहिलेल्या पोकळीचं कॉर्पस ल्युटियम बनतं, जे प्रोजेस्टेरॉन सोडतं, आणि त्यासाठी काही दिवसांत त्यात दाट केशवाहिन्या शिरतात. त्यांना बोलावणारं प्रोटीन व्हीईजीएफ, आणि ते बनवतात त्याच हॉर्मोन बनवणाऱ्या ग्रॅन्युलोसा पेशी. १९९८ मध्ये फेराराच्या गटाने उंदीरवर्गातल्या माद्यांमध्ये व्हीईजीएफ अडवून दाखवलं की रक्तवाहिन्या आल्याच नाहीत तर कॉर्पस ल्युटियम नीट बनतच नाही.

आता हेच जास्त झालं तर? आयव्हीएफमध्ये एका वेळी भरपूर बीजं वाढवतात आणि ती पक्व व्हायला एचसीजी या गर्भारपणातल्या हॉर्मोनचं इंजेक्शन देतात. एचसीजी त्या सगळ्या ग्रॅन्युलोसा पेशींना एकदम व्हीईजीएफ बनवायला लावतं, एकाऐवजी वीस-पंचवीस ठिकाणाहून, आणि मग केशवाहिन्या इतक्या झिरपायला लागतात की पोटात पाणी, कधी छातीत पाणी, रक्त घट्ट, गुठळ्या व्हायचा धोका, लघवी कमी. याला ओएचएसएस, म्हणजे ओव्हरी जास्त चेतवली गेल्याने होणारा त्रास, म्हणतात. १९९४ मध्ये लॅन्सेटमध्ये दाखवलं गेलं की या पेशंटच्या पोटातल्या पाण्यात झिरपणं वाढवणारा मुख्य घटक हाच, ड्वोरॅकने ट्युमरवाल्या गिनिपिगच्या पोटातल्या पाण्यात पकडलेला तोच. आणि इथे मात्र कुठलाही ट्युमर नाही, ती एक निरोगी बाई आहे जिला मूल हवंय.

आणि हे समजल्यामुळे उपचार बदलले, नुसतं ज्ञान राहिलं नाही. एचसीजीऐवजी जीएनआरएच अ‍ॅगोनिस्टचं (पिट्युटरीला तिचं स्वतःचं हॉर्मोन सोडायला लावणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन देऊन बीज पक्व करायचं, ज्याचा परिणाम लवकर ओसरतो, मग सगळे भ्रूण गोठवून ठेवायचे आणि त्या महिन्यात गर्भाशयात सोडायचेच नाहीत, कारण गर्भ राहिला की त्याचं स्वतःचं एचसीजी सुरू होतं आणि त्रास लांबतो. शिवाय कॅबरगोलिन, मुळात प्रोलॅक्टिन कमी करायची गोळी, ती व्हीईजीएफच्या दुसऱ्या नंबरच्या रिसेप्टरचं काम मंद करते म्हणून धोका असलेल्या बायकांना काही दिवस देतात. ज्यांच्या घरात आयव्हीएफ चालू आहे आणि पीसीओएस पण आहे त्यांनी ओएचएसएस टाळायला काय करणार हे आधीच विचारून ठेवावं. पोट फुगणं, श्वास लागणं, वजन एकदोन दिवसांत भराभर वाढणं, लघवी कमी होणं, यातलं काही झालं तर सकाळची वाट बघायची नाही.

(एक जोडटीप, २००१ मध्ये ओव्हरी, वृषण, अ‍ॅड्रिनल आणि नाळ अशा स्टेरॉइड बनवणाऱ्या जागी एक वेगळा फॅक्टर सापडला, ईजी-व्हीईजीएफ. नाव सारखं असलं तरी घराणं वेगळं, तो प्रोकायनेटिसिन-१ आहे. इंटरनेटवर दोघांची फार सरमिसळ होते.)

आता दुसरी बाजू, एचएल-६० आणि यू-९३७ ने जिची खूण दिली होती ती. पुढच्या काही वर्षांत खऱ्या रक्तपेशींमध्ये शोध झाला आणि एकेक नाव पुढे आलं. न्यूट्रोफिलमध्ये व्हीईजीएफ दाण्यांत तयार भरून ठेवलेलं असतं, जंतू दिसला की लगेच बाहेर. मास्ट पेशी, अ‍ॅलर्जीवाल्या, त्यांच्याकडे तयार साठाही असतो आणि चेतवल्यावर नवीनही बनवतात. मॅक्रोफेज जखमेत जिथे ऑक्सिजन कमी पडतो तिथे जाऊन बनवतात. हा ग्रंथीपेक्षा वेगळा हिशेब आहे आणि मला वाटतं हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. ग्रंथीची पेशी जागेवर बसून रोज थोडं थोडं सोडते, रोगप्रतिकाराची पेशी ते सोबत घेऊन फिरते आणि जिथे गडबड असेल तिथे एकदम रिकामं करते. जखमेभोवती सूज का येते, लाल का होतं, त्यातला काही वाटा याचा.

आणि या पेशी नुसत्या देत नाहीत, ऐकतातही. मोनोसाइटवर व्हीईजीएफचा पहिल्या नंबरचा रिसेप्टर असतो, त्यामुळे जिथे व्हीईजीएफ जास्त तिकडे मोनोसाइट ओढले जातात, तिथे जाऊन मॅक्रोफेज होतात, आणि आणखी व्हीईजीएफ सोडतात. १९९६ मध्ये गॅब्रिलोविच यांच्या गटाने दाखवलं की ट्युमरने सोडलेलं व्हीईजीएफ डेन्ड्रिटिक पेशींना, म्हणजे शत्रूची ओळख पटवून देणाऱ्या पेशींना, पक्वच होऊ देत नाही. म्हणजे ट्युमर याच एका प्रोटीनने रक्तही ओढतो आणि पहारेकऱ्यांनाही कच्चं ठेवतो. म्हणूनच आज लिव्हरच्या काही कॅन्सरमध्ये इम्युनोथेरपीचं अ‍ॅटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब एकत्र देतात, अमेरिकेत २०२० मध्ये त्या जोडीला मंजुरी मिळाली.

इथे लॅबवाल्यांसाठी एक गोष्ट. प्लेटलेटमध्येही व्हीईजीएफ साठवलेलं असतं आणि रक्त गोठताना ते बाहेर पडतं. त्यामुळे त्याच माणसाच्या सिरममध्ये (रक्त गोठल्यावर उरलेल्या द्रवात) आकडा मोठा येतो आणि प्लाझ्मात (न गोठू दिलेल्या रक्ताच्या द्रवात) लहान, आणि ज्याच्या प्लेटलेट जास्त त्याचं सिरम उगाच भयंकर दिसतं. रिपोर्ट हातात घेताना नमुना कुठला होता हे न बघता दोन रिपोर्टची तुलना केली तर ती चुकीचीच होणार.

ही दोन्ही टोकं, ग्रंथी आणि रोगप्रतिकार, एका पेशंटमध्ये एकत्र येतात असा एक दुर्मिळ आजार आहे, पोएम्स सिंड्रोम. जपानमध्ये त्याला क्रो-फुकासे म्हणतात. यात अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींचा एक गट बेलगाम होतो, रक्तात व्हीईजीएफ खूप वाढतं (१९९६ मध्ये जपानी डॉक्टरांनी हे दाखवलं), आणि मग हातापायातल्या नसा निकामी होत जातात, अंगावर सूज, पोटात पाणी, त्वचा काळवंडते, आणि हॉर्मोन ग्रंथी बिघडतात, टेस्टोस्टेरॉन कमी, थायरॉईड कमी, कधी अ‍ॅड्रिनल कमी, कधी शुगर. पेशंट न्यूरोलॉजीत जातो, तिथून एन्डोक्रिनॉलॉजीत, तिथून पोटाच्या डॉक्टरकडे, आणि प्रत्येकाला एकेक तुकडा दिसतो. निदानाच्या निकषांत वाढलेलं व्हीईजीएफ आता मुख्य निकषांपैकी एक आहे, आणि एका साध्या रक्ततपासणीने हे सगळे तुकडे जोडले जाऊ शकतात, फक्त कुणाच्या तरी डोक्यात यायला पाहिजे. नसांचा आजार आणि हॉर्मोनची गडबड एकाच माणसात दिसली तर हा विचार व्हायलाच हवा असं मला अगदी मनापासून वाटतं.

साहजिक वाटेल की मग बेव्हॅसिझुमॅब द्या आणि व्हीईजीएफ अडवा. करून बघितलंय, निकाल संमिश्र आले, काही जण सुधारले तर काही जण दगावले. आज उपचार प्लाझ्मा पेशींवर करतात, हाडात एकच गाठ असेल तर रेडिएशन, पसरलेलं असेल तर लेनालिडोमाइडसारखी औषधं किंवा स्वतःच्याच स्टेम सेलचं ट्रान्सप्लांट, आणि व्हीईजीएफचा आकडा उतरतोय का ते बघत राहतात. ज्या पेशीतून सगळं सुरू होतं तिला आवरलं की आकडा उतरतो, सूज आणि पाणी ओसरतं, नसा हळूहळू परत काम करायला लागतात, त्याला मात्र महिने, कधी वर्षं जातात.